कुमुदकाकूंचा एक्केचाळीस नंबर

सोमवारी सकाळी फळ्यावर यादी दिसली. वर लाल मार्करनं लिहिलं होतं, ‘शुक्रवारी टाकायचे’, आणि खाली सातव्या ओळीत एक्केचाळीस नंबर होता.

कुमुदिनी लघाटेंनी पर्स टेबलावर ठेवली, चष्मा बदलला, यादी पुन्हा एकदा वाचली. मग सरांच्या केबिनच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. आत जायचं नाही, दारातच उभं राहायचं, ही त्यांची जुनी पद्धत. आत येऊन बसलेल्या माणसाला चहा विचारून विषय बदलता येतो. दारात उभ्या असलेल्या माणसाचं काही करता येत नाही.

“सर, एक्केचाळीस का?”

डॉ. अच्युत मुळ्ये लॅपटॉपमधून वर न बघता म्हणाले, “कुमुदताई, नायट्रोजनचा जुना कॅन लीक होतोय. शुक्रवारी नवीन येतोय, तो लहान आहे. सगळे त्यात मावणार नाहीत.”

“ते समजलं. एक्केचाळीस का?”

आता सरांनी वर बघितलं. “कारण तो कशाला चिकटतो, हे दोन वर्षांत आपल्याला कळलेलं नाही. सहा वेळा ब्लॉट केला. सहाही वेळा कोरा कागद.”

“स्लाइडवर तर दिसतो.”

“फ्रोझन स्लाइडवर दिसतो. मेणात बसवलेल्या टिश्यूवर दिसत नाही. मतलब काय? आर्टिफॅक्ट. आपल्याला हवा म्हणून दिसतोय.”

“मला शुक्रवारपर्यंत द्या.”

“शुक्रवारपर्यंत तो आहेच की.”

“मग फळ्यावरून पुसा.”

“मी नाही पुसणार. काही सापडलं तर तुम्हीच पुसा.”

“ठीक आहे,” कुमुदकाकू म्हणाल्या आणि वळल्या. त्यांच्या ‘ठीक आहे’चा अर्थ लॅबमध्ये सगळ्यांना ठाऊक होता. तो होकार नसायचा.

तुकोगंजातल्या एका गल्लीत, दोन दातांच्या दवाखान्यांच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर ही लॅब आहे. काम एकच, गालाचा कॅन्सर. इंदुरात सुपारी-तंबाखूची पुडी तोंडात धरून अर्धं शहर बोलतं, त्यामुळे कामाला तोटा नाही. पद्धत अशी की कॅन्सरच्या पेशी उंदराला टोचायच्या. उंदराचं शरीर त्या परक्या पेशींवर अँटीबॉडी तयार करतं. मग उंदराच्या त्या अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी काढून, न मरणाऱ्या पेशींशी त्यांची जोडी लावायची. अशा जोडीतून जे कूळ वाढतं ते आयुष्यभर एकच अँटीबॉडी बनवतं आणि ती अँटीबॉडी एकाच गोष्टीला चिकटते. प्रत्येक कुळाला नंबर. प्रत्येक नंबरच्या सहा-सहा कुप्या नायट्रोजनच्या कडाक्याच्या थंडीत झोपवलेल्या. एकदा टाकलं की गेलं. तेच कूळ पुन्हा बनत नाही. नवे उंदीर आणा, नवी जोडी लावा, दुसरंच काहीतरी येतं.

एक्केचाळीसला कुमुदकाकूंनी वाढवलं होतं. दिवाळीच्या पाडव्याला ओवाळणी उरकून त्या त्याचं पाणी बदलायला आल्या होत्या. पण त्यांचा हट्ट त्यासाठी नव्हता. त्यांनी ती स्लाइड बघितली होती. अँटीबॉडी जिथे चिकटते तिथे रंग चढवून तपकिरी दिसेल असं करतात. एकाच तुकड्यात अर्धा भाग कॅन्सरचा आणि अर्धा शेजारचा निरोगी गाल. कॅन्सरच्या प्रत्येक पेशीभोवती तपकिरी कडा, जणू कुणी बारीक कुंचल्यानं आखल्यात. जिथे कॅन्सर संपतो तिथे कड थांबते. पुढे एक ठिपका नाही.

“हवं म्हणून दिसलं असतं,” त्या मितालीला म्हणाल्या, “तर इतकं शिस्तीत थांबलं नसतं.”

मिताली पीएच.डी.ची पोरगी. पलासियाच्या क्लासमध्ये शिकवून इथे यायची. “काकू, पण तो चिकटतो कशाला? प्रोटीन आहे, शुगर आहे, फॅट आहे? हेच तो नई पता.”

“मग त्याला छळू.”

“किसको?”

“ज्याला तो चिकटतो त्याला.”

हे छळण्याचं शास्त्र कुमुदकाकूंच्या माहेरचं. त्यांचे वडील इंदूरच्या एका कापड मिलमध्ये रंगखात्यात होते. मिल बंद पडली तरी मल्हारगंजातले दुकानदार कापडाचं थान घेऊन घरी यायचे. “बापूसाहेब, ये असली सिल्क है के नहीं?” बापू कापडाकडे बघायचेही नाहीत. एक धागा ओढायचे, चिमट्यात धरून पेटवायचे. केस जळाल्यासारखा वास आला तर रेशीम किंवा लोकर. कागदासारखा आला तर सूत. वितळून टोकाला मणी झाला तर नायलॉन. “कुमुद,” ते म्हणायचे, “वस्तूला विचारू नये की बाई, तू कोण. ती खोटं सांगेल. ती कशानं मरते आणि कशानं मरत नाही, ते बघ.”

पोरीनं बी.एस्सी. केलं, सतरा वर्षं पॅथॉलॉजीत रक्त-लघवी तपासली आणि मग या लॅबमध्ये आली, त्यालाही अठरा वर्षं झाली. पेपरांवर त्यांचं नाव शेवटच्या ओळीत, आभारात येतं. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत.

सोमवारी दुपारी पहिला छळ. क्रायोस्टॅट नावाच्या थंड पेटीत गोठवलेल्या गाठीचे पातळ काप काढले, काचांवर घेतले आणि ट्रिप्सिनमध्ये ठेवले. ट्रिप्सिन प्रोटीन कापतं. एक्केचाळीसचं लक्ष्य प्रोटीन असेल तर ते कापलं जाईल आणि तपकिरी कड दिसणार नाही. सोबत बारा नंबर घेतला. बारा सरांचा लाडका. तो एका माहितीतल्या प्रोटीनला चिकटतो आणि ब्लॉटवर त्याची पट्टी अशी येते की कॅलेंडरला लावावी.

संध्याकाळी मितालीनं मायक्रोस्कोपमधून डोकं काढलं. “काकू, एक्केचाळीसचा रंग जसाच्या तसा. ट्रिप्सिन खराब झालंय वाटतं.”

“बाराची स्लाइड बघ.”

मितालीनं बघितली. “साफ. काहीच नाही.”

“मग ट्रिप्सिन खराब आहे?”

“नई.” मितालीनं एक्केचाळीसची स्लाइड पुन्हा लावली. “मतलब प्रोटीन नाहीये?”

“एवढ्यात नको. एक धागा जाळलाय.”

घरी त्यांचे यजमान शरदचंद्र वरण गरम करत होते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात होतं आणि थट्टाही. “काय, एक्केचाळीसचं काय म्हणणं?”

“ट्रिप्सिननं नाही मेला.”

“अरे वा. घरजावईच करून घेऊ. आपल्याला मुलगी नाही तेवढीच अडचण आहे.”

“वरणात हिंग घातलाय का तुम्ही?”

“नाही.”

“मग आधी ते बघा.”

मंगळवारी दुसरा छळ, परआयोडेटचा. हे मीठ साखरेच्या कड्या फोडतं, बाकीच्याला फारसा हात लावत नाही. पण ते उजेडात बिथरतं, म्हणून काचा अंधारात ठेवाव्या लागतात. फॉइल संपली होती. काकूंनी कपाटावरचा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला, धुतला, काचा आत मांडल्या आणि झाकणावर चिकटपट्टीनं कागद लावला: ‘बिस्किटं नाहीत.’

तासाभरानं डबा उघडला. एक्केचाळीसची कड गेली होती. बारा जागेवर होता.

“साखर,” मिताली म्हणाली. तिनं उडी मारली नाही, पण दोन्ही टाचा उचलल्या.

काकू केबिनच्या दारात गेल्या. सरांनी दोन्ही स्लाइडी बघितल्या. पुन्हा बघितल्या. मग खुर्ची मागे सरकवली.

“चांगलं काम आहे. पण ताई, साखर हवेत तरंगत नाही. कशाला तरी लटकलेली असते. बहुतेक वेळा प्रोटीनला. तशी असेल तर ब्लॉटवर दिसायलाच हवी.”

“ट्रिप्सिननं गेली नाही ना पण.”

“ट्रिप्सिन सगळं कापत नाही. मी रिव्ह्यूअर असतो तर हेच लिहिलं असतं. मला ब्लॉट दाखवा.”

“दाखवते.”

“सहा वेळा कोरा आलाय.”

“सातवा दाखवते.”

बुधवारी सातवा ब्लॉट लागला. ब्लॉट म्हणजे आधी पेशींचा रस जेलीच्या पातळ वडीत वरून सोडायचा आणि वीज लावायची. जड वस्तू वर अडकतात, हलक्या खाली पळतात. सगळ्यांच्या पुढे निळ्या रंगाची एक रेघ पळते. ती तळाशी पोचली की वीज बंद. मग वडीतलं सगळं कागदावर उतरवायचं आणि त्या कागदावर अँटीबॉडी सोडायची.

वीज बंद झाली. काकूंनी वडी काचेवर पसरली, स्टीलची पट्टी लावली आणि ब्लेडनं निळ्या रेघेसकट खालचा काठ कापला. सरळ, एका ओढीत. अठरा वर्षं त्या असाच काठ कापत होत्या. लॅबमध्ये नवीन येणाऱ्याला आधी काकूंच्या हातचा काठ दाखवायचे. भिंतीवरच्या कृतीतही पाचवी पायरी तीच होती: ‘निळी रेघ व खालचा भाग कापून टाकावा.’

मिताली हातात कचऱ्याची पिशवी धरून उभी होती. “काकू, एक विचारू? हे आपण कापतो का?”

“निळा रंग कागदावर पसरतो. डाग पडतो.”

“बस? डागासाठी?”

“मला शिकवलं तसं मी...” काकूंचा हात पिशवीवर थांबला. काठ ब्लेडच्या टोकाला लोंबत होता, ओला, निळसर. त्यांनी तो पिशवीत टाकला नाही. काचेवर परत ठेवला आणि स्टुलावर बसल्या.

“काय झालं काकू?”

“निळ्या रेघेबरोबर काय पळतं गं?”

“सगळ्यात हलकं. प्रोटीनपेक्षा हलकं.” मिताली सांगता सांगता हळू झाली. “फॅट. साखर जर फॅटला लटकली असेल...”

“तर ती या काठात असेल. आणि मेणात टिश्यू बसवायच्या आधी आपण तो कशाकशात बुडवतो?”

“अल्कोहोल. मग झायलीन.”

“तुपाचा डबा झायलीननं धुतला तर?”

“चकाचक,” मिताली म्हणाली. “म्हणून मेणाच्या स्लाइडवर दिसत नाही. धुऊन निघतं.”

काकूंनी चष्मा काढून पदरानं पुसला. गरज नव्हती. “सहाही वेळा काठ मीच कापला,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातानं. किती सुरेख कापला.”

मितालीनं कचऱ्याची पिशवी खाली ठेवली. ती म्हणाली, “पुढच्या वडीचा नका कापू ना मग.”

“नाही कापत. दुसरी वडी लाव. आत्ता. मी सरांना सांगते की संध्याकाळची मीटिंग माझ्याशिवाय करा.”

सहा वाजता कागदाच्या अगदी तळाशी, निळ्या डागाच्या मागे, एक धूसर तपकिरी पट्टी होती. बाराच्या पट्टीपुढे ती केविलवाणी दिसत होती. सरांनी कागद ट्यूबलाइटसमोर धरला.

“ही निळ्या रेघेची जागा, डाय फ्रंट आहे ताई. तिथे काहीही दिसतं. कचराच असतो तिथे.”

“सर, तिथे काय असतं ते आपण कधी बघितलंय? आपण कापून टाकतो.”

सरांनी कागद खाली ठेवला. मग म्हणाले, “ठीक. पण एवढ्यावर मी ‘लिपिड’ लिहिणार नाही. फॅट काढून दाखवा. निव्वळ फॅट. त्यात प्रोटीनचा कण नको. आणि त्याला एक्केचाळीस चिकटायला हवा.”

“आणि निरोगी गालाच्या फॅटला चिकटायला नको.”

“ते मी मागितलं नव्हतं.”

“मी मागतेय,” काकू म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी त्यांनी गाठीचा तुकडा आणि शेजारच्या निरोगी गालाचा तुकडा वेगवेगळे कुटले आणि क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये घोटले. त्यात स्निग्ध तेवढं विरघळतं, प्रोटीन खाली गाळ होऊन बसतं. वरचं द्रावण काढून सुकवलं, बाटलीच्या तळाशी तुपाच्या ओशटासारखा थर उरला. तो पांढऱ्या पावडरीचा लेप दिलेल्या पातळ पत्र्यावर थेंबाथेंबानं लावायचा आणि पत्रा द्रावणात उभा करायचा. द्रावण वर चढतं, फॅटचे प्रकार वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. मग पत्र्यावर अँटीबॉडी.

इथवर सगळं नीट झालं. मग मितालीनं तो पत्रा ब्लॉटच्या कागदासारखा डब्यात टाकून हलवायच्या मशीनवर ठेवला. पाच मिनिटांनी डब्यातलं पाणी दुधासारखं झालं. पावडर पत्रा सोडून तरंगत होती.

मितालीचे डोळे भरले. “माफ करो काकू. मी सोचलंच नाही.”

“रडून काही उपयोग आहे?”

“नाही.”

“अर्क किती उरलाय?”

“एका पत्र्यापुरता.”

“मग एक पत्रा आहे. झाडू आण, सिंक साफ कर. उद्या आठला ये.”

घरी शरदचंद्रांनी चेहरा बघून थट्टा केली नाही. पोळी वाढताना एवढंच विचारलं, “अंगणात रांगोळी काढलीस आणि ती पुसू न देता तिच्यावरून पाणी न्यायचंय, तर कसं नेशील?”

काकूंनी पत्र्याचं सगळं सांगितल्यावर सुचलेला प्रश्न होता तो. त्या जेवता जेवता थांबल्या. “ओतणार नाही. कडेनं सोडीन. आणि हलू देणार नाही.”

“मग झालं तर. आमटी घे.”

शुक्रवारी साडेदहापर्यंत शेवटचा पत्रा टेबलावर आडवा होता, लेव्हलच्या नळीतला बुडबुडा मधोमध आणून, गवंडी करतो तसा सपाट केलेला. काकू ड्रॉपरनं कडेवरून थेंब सोडत होत्या आणि दुसऱ्या कडेनं टिपकागदानं शोषून घेत होत्या. कुणी मशीनला हात लावत नव्हतं. मितालीनं पंखाही बंद केला होता.

अकराला नायट्रोजनवाले बंटी भिया नवीन कॅन घेऊन वर आले. “आंटी, जल्दी करवा दो. नीचे गाड़ी नो पार्किंग में है.”

“तो उसको पार्किंग में लगा दो.”

“अरे, पुराना वाला आज ही वापस ले जाना है मेरे को.”

“ले जाना. बैठो. और वो टेबल मत हिलाना, भिया.”

बंटी भिया भिंतीला चिकटून बसले. सर बाहेर आले, घड्याळ बघितलं, पण काकूंचा हात बघून तिथेच उभे राहिले. शेवटचं द्रावण उरलं होतं, रंग आणणारं.

“सर, तुम्ही सोडा,” काकूंनी ड्रॉपर पुढे केला.

“मी?”

“मला हवं म्हणून दिसलं, असं नको व्हायला.”

सरांनी हातमोजे घातले. कडेनं थेंब सोडले. थोडा वेळ काहीच झालं नाही. बंटी भियाही मान लांब करून बघायला लागले. मग गाठीच्या अर्काच्या रांगेत, मध्याच्या जरा वर, आधी एक सावली आली. ती गडद झाली, फुटून दोन झाली. दोन बारीक तपकिरी रेघा, एकीखाली एक. शेजारच्या रांगेत, निरोगी गालाच्या, पत्रा पांढराच राहिला.

“काय आलं?” बंटी भियांनी विचारलं.

“फॅट,” सर म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण हळू. “साखर लावलेलं फॅट. ग्लायकोलिपिड.”

“घी-शक्कर,” बंटी भिया म्हणाले. “बधाई हो.”

मितालीनं नाक ओढलं. सर अजून वाकून बघत होते. “कोणती साखर, किती कड्या, ते माहीत नाही. बाहेर पाठवावं लागेल. एकाच पेशंटची गाठ आहे. दहा तरी बघाव्या लागतील.”

“लिहून ठेवलंय,” काकूंनी रजिस्टर पुढे सरकवलं. ‘अजून माहीत नाही’ या मथळ्याखाली हेच होतं, चार ओळींत, आणि सर म्हणाले त्याहून दोन ओळी जास्त होत्या.

सरांनी वाचलं. “पण जागेचं काय? एक्केचाळीस ठेवला तर दुसरा कुणीतरी जाईल.”

“बारा.”

“बारा?” सर सरळ उभे राहिले. “ताई, बाराची पट्टी किती सुंदर येते.”

“सुंदर येते, सर. पण तो निरोगी गालालाही तसाच चिकटतो. परवाच्या रिपोर्टात तुम्हीच लिहिलंय. तसल्या अँटीबॉडीज बाजारात विकत मिळतात. एक्केचाळीस कुठे मिळत नाही.”

सर खिडकीपर्यंत गेले आणि परत आले. खाली कुणीतरी गाडी हटवायला हॉर्न मारत होतं. बंटी भियांनी अपेक्षेनं बघितलं.

“मी म्हणालो होतो, सापडलं तर तुम्हीच पुसा,” सर म्हणाले.

काकूंनी हातमोजा काढला, फळ्याजवळ गेल्या आणि सातवी ओळ अंगठ्यानं पुसली. मार्कर सोमवारपासून वाळलेला होता, चटकन जाईना. त्यांनी अंगठ्याला थोडं अल्कोहोल लावलं आणि पुन्हा घासलं. मग मार्कर सरांच्या हातात दिला. सरांनी त्या जागी बारा लिहिला. अक्षर नेहमीपेक्षा बारीक आलं.

जुना कॅन उघडल्यावर पांढरी वाफ जमिनीवरून पसरली. काकूंनी जाड मोजे चढवले आणि ठेवायच्या सगळ्या कुप्या, आधी एक्केचाळीसच्या सहा, चिमट्यानं एकेक उचलून नव्या कॅनमध्ये उतरवल्या. मिताली नंबर वाचत होती, त्या मागे म्हणत होत्या.

“आंटी, अब ले जाऊं?”

“ले जाओ, भिया. धन्यवाद. गाड़ी का चालान हुआ तो बताना.”

ते गेल्यावर काकूंनी भिंतीवरची कृती उतरवली. पाचवी पायरी पेनानं खोडली आणि समासात लिहिलं: ‘काठ कापू नये. आधी बघावा.’ खाली सही केली, तारीख घातली आणि कागद परत टांगला.

मग स्टूल ओढून बसल्या. “मिताली, हॉस्पिटलला फोन लाव. म्हणावं, सोमवारपासून गाठी येतील त्यांचा एक तुकडा गोठवून पाठवा. मेणात नको.”

“किती सांगू?”

“दहा म्हण. बारा देतील तर नाही म्हणू नकोस.”